आधी काटा, मग पाटे: पिकअपवर मुक्कामाची केबिन पेलण्यासाठी मागची कमान कशी सुधारायची

पिकअपच्या हौद्यात राहण्याची केबिन बसवली की गाडी मागे बसते. मग मालक गाडी थेट पाटे मिस्त्रीकडे नेतो, "दोन पाटे वाढवा" म्हणतो, संध्याकाळी गाडी परत आणतो. महिन्याभरात सेंटर बोल्ट (सगळ्या पाट्यांच्या मधल्या भोकातून जाणारा बोल्ट) तुटतो, नाहीतर गाडी रिकामी असताना उड्या मारते, नाहीतर ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं लवकर जाम होतात. पाटे वाढवण्यात चूक नसते. वजन न करता, माप न घेता आणि चुकीच्या क्रमाने ते वाढवले, ही चूक असते. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा.

या लेखात कमान म्हणजे पाट्यांचा पूर्ण गठ्ठा आणि पाटा म्हणजे त्यातला एक. हौशी काम म्हणून एकट्याने करण्यासारखं हे नाही. दोन माणसं आणि पूर्ण एक दिवस हाताशी ठेवा.

टप्पा 1: काट्यावर तीन वजनं

जिनिंगचा किंवा बाजार समितीचा काटा चालेल. कापसाच्या हंगामात तिथे गाड्यांची रांग असते, म्हणून सकाळी लवकर जा. बहुतेक काटे 5 किंवा 10 किलोच्या पायरीने आकडा दाखवतात. आपल्या कामाला तेवढं पुरतं.

केबिन अजून बसवलेली नसेल तर गाडीचं रिकामं वजन आधी करून घ्या. केबिन बसवल्यावर प्रवासाला निघताना असेल तशी गाडी भरा: डिझेलची टाकी फुल, पाण्याची टाकी फुल, बॅटरी, सिलिंडर, गाद्या, भांडी, आणि पुढे बसणारी माणसं. मग तीन वजनं घ्या:

- फक्त पुढची चाकं काट्यावर
- पूर्ण गाडी
- फक्त मागची चाकं काट्यावर

पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण गाडीच्या वजनाशी 20 किलोच्या आत जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर काट्याचा प्लॅटफॉर्म आणि बाहेरची जमीन एका पातळीत नाहीत. दुसरा काटा बघा.

लोक हमखास विसरतात ती वजनं: 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो असतो, पण लोखंडी टाकी धरून तो 30 किलोच्या आसपास जातो. इन्व्हर्टरची 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी 50 किलोच्या वर भरते. केबिनवाला "साडेपाचशे किलो" म्हणाला असेल तर तो आकडा बहुधा रिकाम्या केबिनचा असतो.

आता हे आकडे आरसीवरच्या एकूण वजनाशी आणि कंपनीच्या पाटीवर पुढच्या-मागच्या एक्सलसाठी दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा.

इशारा: पाटे वाढवल्याने गाडीची वजन उचलण्याची कायदेशीर क्षमता एका किलोनेही वाढत नाही. हाउसिंग (मागच्या एक्सलचं लोखंडी कवच), चाकाचे बेअरिंग, रिम, ब्रेक सगळं जुनंच असतं. आकडा मर्यादेबाहेर असेल तर इथेच थांबा आणि केबिन हलकी करा. मोटार वाहन कायद्याच्या 194 व्या कलमाखाली जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे. केबिन कायमची बसवत असाल तर 52 व्या कलमाप्रमाणे गाडीतला बदल आरटीओकडे मंजूर करून आरसीवर चढवावा लागतो. हे काम केबिन बनवायला टाकण्याआधी विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. चालत्या गाडीत केबिनमध्ये माणूस बसवू नका.

टप्पा 2: वजन कुठे पडतंय ते बघा

वजन तेवढंच, पण जागा बदलली की सगळा हिशेब फिरतो. समजा व्हीलबेस 3000 मिमी आहे आणि भरलेली केबिन 700 किलोची. केबिनचा भारमध्य मागच्या एक्सलच्या 300 मिमी पुढे असेल तर 700 × 300 ÷ 3000 म्हणजे 70 किलो पुढच्या चाकांवर जातात आणि 630 मागे राहतात. तीच केबिन 600 मिमी मागे सरकली, म्हणजे भारमध्य एक्सलच्या 300 मिमी मागे गेला, तर मागच्या एक्सलवर 770 किलो येतात आणि पुढची चाकं 70 किलोने हलकी होतात. स्टेअरिंग तरंगल्यासारखं वाटतं ते यामुळे. त्यावर पाट्यांचा इलाज नाही.

म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी आणि सिलिंडर एक्सलच्या वर किंवा पुढे ठेवा, आणि जमेल तितके खाली. फाळक्याजवळ हलक्या वस्तू. डाव्या-उजव्या बाजूचाही विचार करा. टाकी आणि बॅटरी दोन्ही एकाच बाजूला ठेवली की गाडी कलते, आणि मग लोक एका बाजूला एक पाटा जास्त घालतात. पाणी संपलं की गाडी दुसरीकडे कलते. हे कधीही करू नका.

टप्पा 3: उंची मोजा, आकडे लिहून ठेवा

जमिनीपासून मोजलेली उंची फसवते, कारण टायरची हवा कमी-जास्त झाली की तो आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत मोजा. मागची दोन्ही चाकं, आधी रिकामी गाडी, मग भरलेली. त्याच वेळी स्टॉपर रबर (कमान पूर्ण दबली की हाउसिंग ज्यावर टेकते ते चेसिसखालचं रबर) आणि हाउसिंग यांच्यात किती फट उरते तेही मोजा.

उदाहरणच घेऊ. रिकाम्या गाडीत मध्य ते काठ 510 मिमी, केबिनसह 420. म्हणजे गाडी 90 मिमी बसली. स्टॉपरची फट 125 होती, ती 35 उरली. मागे 630 किलो वाढले, म्हणजे एका बाजूला 315. भागाकार केला तर 315 ÷ 90 = 3.5 किलो प्रति मिमी. हा तुमच्या आताच्या कमानीचा कडकपणा.

पांदण रस्त्यावर 35 मिमी फट काहीच नाही. बैलगाडीच्या चाकोरीत चाक उतरलं की स्टॉपर थेट चेसिसला धक्का देतो. किमान 60 ते 65 मिमी फट हवी. म्हणजे गाडी 90 ऐवजी 60 मिमी बसली पाहिजे: 315 ÷ 60 = 5.25. आताच्या दीडपट कडक कमान लागेल, दुप्पट नाही.

तपासा: केबिनसह स्टॉपर आधीच टेकलेला असेल तर हा हिशेब चुकतो, कारण काही वजन रबरच पेलतंय. पाण्याची टाकी रिकामी करा, थोडं सामान उतरवा, स्टॉपर सुटा झाला की नव्याने वजन आणि माप घ्या. पाटे आधीच तुटलेले किंवा सपाट झालेले असतील तरीही आकडा खोटा येतो.

टप्पा 4: कोणता उपाय तुमचा

केबिन कायम गाडीवरच राहणार असेल तर कमानीत पूर्ण कामाचे पाटे वाढवा. कमानीत 8 मिमीचे 5 पाटे असतील आणि त्याच रुंदीचे 8 मिमीचे आणखी 2 लांब पाटे घातले तर कडकपणा ढोबळमानाने 7 ÷ 5, म्हणजे 1.4 पट होतो. वरच्या उदाहरणाला एवढे पुरतात, कारण गाडीचं स्वतःचं वजनही आता कमानीला कमी दाबतं. शिवाय हाउसिंगच्या वर 16 मिमी जाडी वाढल्याने चेसिसही तेवढी उचलली जाते.

जाडीबाबत जपून. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 8 च्या जागी 10 मिमीचा पाटा म्हणजे तो एक पाटा जवळजवळ दुप्पट कडक. "दोन मिमीनं काय होतं" असं म्हणणाऱ्याच्या गाडीतली भांडी पहिल्याच आठवड्यात फुटतात.

केबिन हंगामापुरती असेल, म्हणजे संत्र्याच्या तोडणीत वरुड-मोर्शीकडे बागेत मुक्काम आणि एरवी हौदा मोकळा, तर मूळ कमानीच्या खाली सरळ, जाड हेल्पर पाटा घाला. गाडी रिकामी असताना तो कामाला लागत नाही, कमान दबल्यावरच लागतो.

कमान फक्त थकून सपाट झाली असेल आणि वजन फार वाढलं नसेल तर नवी कमान घाला. जुने पाटे ठोकून वाकवून घेतले तर थोडे दिवस उंची मिळते आणि पुन्हा बसते.

एअर बॅग अनेकांना आवडतात, कारण हवा भरली की गाडी लगेच सरळ होते. खेड्यातल्या रस्त्यांसाठी आम्ही त्या सुचवत नाही. कमान आपलं वजन चेसिसला दोन टोकांना देते: पुढच्या टोकाला हँगर (चेसिसवरचं पक्कं ब्रॅकेट) आणि मागच्या टोकाला शॅकल (झुलती कडी). एअर बॅग तेच वजन मधोमध एका ठिकाणी देते. मागे लटकणारी जड केबिन आणि खड्ड्यांचा रस्ता असेल तर चेसिस नेमकी तिथून वाकते किंवा तडकते. काळ्या मातीचा चिखल आणि काटेरी बांध रबराला मानवत नाहीत ते वेगळंच.

टप्पा 5: सामान आणून मगच गाडी उचला

- पाटे: मूळ पाट्याच्याच रुंदीचे, स्प्रिंग स्टीलचे, दोन्ही बाजूंना एकाच दुकानातले, एकाच मापाचे
- यू बोल्ट (कमान हाउसिंगला आवळून धरणारे) 4, नवे, त्यांचे नवे नट आणि वॉशर
- सेंटर बोल्ट 2, नवे
- शॅकल आणि हँगरचे बुश, पूर्ण सेट
- पाट्यांच्या क्लिप
- गरज असेल तर मागचे 2 शॉकअप
- टॉर्क पाना, दोन मजबूत सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, घोड्या (उचललेली गाडी पेलणारे स्टँड) 2, ट्रॉली जॅक 1, ओट (चाकाला लावायचे अडसर) 4

यू बोल्टची लांबी अशी काढा: जुन्या बोल्टच्या लांबीत वाढलेल्या पाट्यांची जाडी मिळवा. 8 मिमीचे 2 पाटे म्हणजे 16 मिमी जास्त. नट पूर्ण बसल्यावर त्याबाहेर किमान 3 आटे दिसले पाहिजेत. सेंटर बोल्टही तेवढाच लांब हवा. वाक गोल आहे की चौकोनी, दांडीची जाडी किती, आतलं अंतर किती, हे जुना बोल्ट सोबत नेऊनच जुळवा.

इशारा: यू बोल्ट आवळताना ताणला जातो आणि तसाच राहतो. जुना बोल्ट "चांगला दिसतो" म्हणून परत वापरू नका. या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त सामान हेच आहे, आणि सर्वाधिक बिघाड यातूनच होतात.

टप्पा 6: खोलणं

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंजतेल किंवा डिझेल सोडून ठेवा. केबिन उतरवता येत असेल तर उतरवा. नसेल तर निदान पाणी आणि सामान काढा.

गाडी काँक्रीटवर घ्या. शेतातल्या काळ्या मातीवर जॅक आणि घोड्या दोन्ही रुततात, वरून जमीन कितीही टणक दिसली तरी. पर्याय नसेल तर खाली मोठी जाड लोखंडी प्लेट टाका.

1. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे मागची चाकं उचलली की त्याचा काही उपयोग उरत नाही.
2. हाउसिंग जॅकने उचला आणि घोड्या चेसिसखाली, हँगरच्या पुढे लावा. जॅक काढू नका, हाउसिंग त्यावरच पेललेली राहू द्या. मग मागची चाकं काढा.
3. ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व (मागच्या उंचीप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल तर त्याच्या दांडीची जागा रंगाने खूण करून मगच सोडवा.
4. शॉकअपचा खालचा बोल्ट काढा.
5. यू बोल्टचे नट सोडा, जॅक हळूहळू खाली घ्या. कमान सैल झाली की शॅकलचा बोल्ट आणि मग हँगरचा बोल्ट काढा.

एका वेळी एकच बाजू खोला. दोन्ही कमानी एकदम काढल्या तर हाउसिंग जॅकवर गोल फिरते आणि ब्रेकचा होज ताणला जातो.

काढलेली कमान बाजूला टाकण्याआधी नीट बघा. यू बोल्टच्या काठाशी पाट्यांच्या फटीत तांबूस भुकटी आणि शेजारी चकचकीत घासलेली रेघ दिसली तर तिथे पाटे एकमेकांवर सरकत होते, म्हणजे यू बोल्ट सैल होते. सेंटर बोल्ट फक्त जागा धरतो. गाडीचा रेटा पेलतो तो यू बोल्टचा आवळा. आवळा गेला की सगळा रेटा त्या बोटाएवढ्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो कातरल्यासारखा तुटतो.

टप्पा 7: कमान बांधणं

सेंटर बोल्ट सोडण्याआधी दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळा. पाटे ताणात असतात. क्लॅम्प नसताना नट निघाला तर पाटे उसळतात आणि बोटं जातात.

प्रत्येक पाटा ब्रशने साफ करा. भेग शोधायची सोपी रीत: पाट्यावर डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडा पुसा आणि वर खडूची पूड चोळा. भेग असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर बारीक ओली रेघ उमटते. सेंटरच्या भोकाभोवती खास बघा, भेग बहुतेक तिथूनच सुरू होते. भेगाळलेला पाटा बदला. वेल्डिंग नाही, गॅसने तापवून वाकवणं नाही. तापवलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा तिथेच तुटतो. नव्या पाट्याचं भोकही गॅसने पाडून घेऊ नका.

आता रचना. सर्वांत वर डोळे असलेला मेन पाटा, त्याखाली लांबीच्या उतरत्या क्रमाने बाकीचे. नव्या पाट्याचं टोक शेजारच्या पाट्याच्या टोकाशी एका रेषेत येऊ देऊ नका. दोन्ही टोकं एकाच जागी संपली की वरचा पाटा तिथूनच मोडतो. खालचा पाटा वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकलेला हवा. नुसते एकावर एक ठेवले की टोकं टेकतात आणि मधोमध 3 ते 6 मिमी फट दिसते. ती फट आवळून बंद झाली की पाटे एकजीव काम करतात. फट टोकांकडे दिसत असेल तर तो पाटा फक्त वजन वाढवतोय.

क्लॅम्पने दाबून आणा, सेंटर बोल्ट घाला, नट आवळा. बोल्टचं गोल डोकं खाली, हाउसिंगच्या भोकात बसेल अशा बाजूला ठेवा. क्लिप बसवा, पण गच्च ठोकू नका. पाट्यांना लांबीच्या दिशेने सरकायला जागा हवी.

तपासा: पहिली कमान बसवण्याआधी सपाट जमिनीवर ठेवून तिची उंची लिहून घ्या, आणि दुसरी बांधली की तिच्याशी ताडून बघा. कमानीची उंची 5 मिमीपेक्षा जास्त वेगळी असेल तर पाटे अदलाबदल करून जुळवा.

टप्पा 8: बसवणं आणि आवळणं

सर्वाधिक गाड्या इथे बिघडतात.

1. आधी हँगरचा बोल्ट, मग शॅकल. दोन्ही हाताने घट्ट होतील इतपतच.
2. जॅकने हाउसिंग वर घ्या. सेंटर बोल्टचं डोकं भोकात उतरलं की नाही ते डोळ्यांनी बघा. अर्धवट बसलेलं डोकं यू बोल्ट आवळताना चुरडतं.
3. यू बोल्ट लावा. नट तिरके, आडव्या क्रमाने फिरवा: पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा. तीन फेऱ्यांत आवळा. टॉर्क तुमच्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. तो मिळत नसेल तर 8.8 ग्रेडच्या 12 मिमी दांडीला 80 न्यूटन मीटरच्या आसपास आणि 14 मिमीला 130 च्या आसपास लागतो. चारही टोकांना उरलेले आटे सारखे दिसले पाहिजेत.
4. चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, केबिन किंवा तेवढं वजन चढवा.
5. आता, वजन चाकांवर असताना, हँगर आणि शॅकलचे बोल्ट पूर्ण आवळा. यू बोल्टवर पुन्हा एक फेरी मारा.

पाचवी पायरी हवेत लटकलेल्या चाकांवर केली तर रबरी बुश त्याच स्थितीत पकडले जातात, गाडी खाली आली की पिळले जातात आणि काही महिन्यांत फाटतात. "नवे बुश टाकले तरी कुई-कुई येतं" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

शॅकलकडे बघा. वजन असताना त्याला मागे झुलायला जागा हवी. कमान फार वाकलेली असेल तर शॅकल पुढे ओढला जातो, चेसिसला टेकतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उलटू शकतो. तसं दिसलं तर गाडी बाहेर काढू नका, कमान पुन्हा खोला.

टप्पा 9: उंची बदलली की बदलणाऱ्या इतर गोष्टी

ब्रेक. लोड सेन्सिंग व्हॉल्व मागची उंची बघून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. कमान कडक केल्यावर गाडी भरलेली असूनही मागे उंच राहते. व्हॉल्व तिला रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी करतो. दांडीची सेटिंग पुस्तकातल्या मापाने नव्याने करा, शक्यतो ज्यांच्याकडे दाब मोजायचं गेज आहे अशा ठिकाणी. व्हॉल्व तारेने बांधून टाकणं हा उपाय नाही. तसं केलं तर रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर जाम होतात.

होज आणि हँडब्रेकची केबल. चेसिस उचलून चाकं पूर्ण लटकू द्या. तेव्हा दोन्हींत ढील उरली पाहिजे.

शॉकअप. चाकं लटकलेली असताना तो पूर्ण ताणून अडत असेल तर लांब शॉकअप लागेल. कमान कडक झाली की उसळीही वाढते. जुना, तेल गळणारा शॉकअप ती रोखू शकत नाही.

जॉइंट शाफ्ट (गिअरबॉक्सची फिरकी मागच्या हाउसिंगपर्यंत नेणारा दांडा). 40-50 च्या वेगाला फरशीखाली घरघर जाणवली तर हाउसिंगचा कोन बदललाय. पाचर घालून तो दुरुस्त होतो.

हेडलाइट भरलेल्या गाडीवर सेट करा, अलाइनमेंटही.

टायर. बाजूवरचा लोड इंडेक्स वाचा: 104 म्हणजे एका टायरला 900 किलो, 108 म्हणजे 1000, 112 म्हणजे 1120. मागच्या एक्सलचं काट्यावरचं वजन भागिले दोन, हा आकडा त्याच्या आत आणि थोडी जागा ठेवून असला पाहिजे. हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. मे महिन्यात दुपारी गरम टायरची हवा जास्त दिसते म्हणून ती काढणाऱ्यांचे टायर समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर फुटतात.

टप्पा 10: चालवून बघणं आणि पुन्हा आवळणं

पहिले 5 किलोमीटर गावाजवळ, 30 च्या वेगाने. गतिरोधकावरून गाडी गेली की मागचा भाग एकदा खाली-वर होऊन थांबला पाहिजे. दोन-तीनदा झुलला तर शॉकअप कमी पडतोय. मोकळ्या रस्त्यावर 30-40 वरून जोरात ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते का बघा. मग उंची आणि स्टॉपरची फट टप्पा 3 मधल्या आकड्यांशी ताडून बघा.

50 किलोमीटरनंतर यू बोल्ट टॉर्क पान्याने तपासा. नवे पाटे एकमेकांवर बसतात, रंग आणि गंजाचे थर दबतात, त्यामुळे नट हमखास थोडा फिरतो. 500 किलोमीटरला पुन्हा, नंतर दर 5,000 ला. चिखलदऱ्याच्या घाटासारखा रस्ता 500 ची तपासणी होईपर्यंत टाळा. उंच केबिन वळणावर कलते आणि सैल कमानीवर तिचा सगळा झोल येतो.

पावसाळ्यात पाट्यांत शिरलेली काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते आणि पाटे सरकणं थांबतं. चिखलातून आल्यावर त्याच दिवशी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कमान धुवा. दिवाळीच्या सुमारास गाडी उचलून हँगर आणि शॅकलच्या ब्रॅकेटभोवतीची चेसिस ब्रशने साफ करा आणि खडू-डिझेलची तीच परीक्षा तिथेही घ्या.